आरोग्य पान : अतिदक्षता विभागात मेंदूची सोनोग्राफी

सोनोग्राफी म्हटले की आपल्या वस्तीत दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, गरोदर बाईची तपासणी. दुसरी, पोटात दुखते म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी. त्यामुळे अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या कानशिलावर किंवा मिटलेल्या पापणीवर डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब फिरवताना दिसले की नातेवाईक गोंधळून जातात. "डोक्याला मार लागलाय आणि हे सोनोग्राफी कसली करतात?" "बिल वाढवायला मशीन लावले असेल का?" "या मशीनमध्ये काही दिसत नाही म्हणजे मेंदू गेला का?" हे प्रश्न आपल्या माणसांच्या तोंडी आम्ही नेहमी ऐकतो. ते प्रश्न रास्त आहेत. या वेळच्या पानात त्यांची उत्तरे साध्या भाषेत देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

मेंदूवर सतत लक्ष का ठेवावे लागते?

आपल्या वजनाच्या मानाने मेंदू लहान आहे, जेमतेम २ टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याकडे साठा नसतो. रक्त थांबले की काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

दुसरी अडचण कवटीची. कवटी मेंदूचे रक्षण करते, पण ती हाडाची बंद पेटी आहे. हाताला मार लागला तर सूज बाहेर येते, कातडी ताणते. मेंदूला सूज आली तर तिला बाहेर यायला जागाच नसते. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढ्याच तीन गोष्टी असतात. एक वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. जागा संपली की आतला दाब झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना हा दाब साधारण ५ ते १५ असतो. तो पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये मोजतात, रक्तदाबासारखाच. तो २० ते २२ च्या वर जाऊन तसाच राहिला तर डॉक्टर उपचार सुरू करतात. कारण हृदय ज्या दाबाने रक्त वर ढकलते, त्याला आतला हा दाब अडवून धरतो. तो जितका चढेल तितके मेंदूत रक्त कमी जाते.

जागा माणूस सांगतो की डोके दुखतेय, उलटी होतेय, एक हात जड झालाय. व्हेंटिलेटरवर झोपेच्या औषधाखाली असलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. त्याच्या मेंदूत काय चालले आहे हे बाहेरून ओळखावे लागते. त्यासाठी ही सगळी खटपट.

दाब मोजण्याचे पक्के साधन कोणते?

कवटीला बारीक छिद्र पाडून आत नळी किंवा तार बसवणे, हे आजही दाब मोजण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे. पण त्यासाठी मेंदूचे शल्यविशारद लागतात. रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोकाही असतो. रक्त गोठण्याची शक्ती कमी झालेल्या पेशंटला ते करता येईलच असे नाही.

सिटी स्कॅनमध्ये मेंदूचे चित्र स्पष्ट दिसते. डोक्याला मार लागला किंवा पक्षाघात झाला तर सुरुवातीला तो लागतोच. पण स्कॅनसाठी पेशंटला व्हेंटिलेटर, सलाईन, औषधांचे पंप यांच्यासह खाटेवरून हलवून दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या मजल्यावर न्यावे लागते. नाजूक पेशंटसाठी तो प्रवासही धोक्याचा असतो. शिवाय त्यात क्ष-किरण असतात. म्हणून दर काही तासांनी सिटी स्कॅन करता येत नाही.

ही मधली पोकळी खाटेजवळची सोनोग्राफी भरून काढते. यंत्र पेशंटजवळ येते, पेशंटला हलावे लागत नाही. सुई नाही, छिद्र नाही, क्ष-किरण नाहीत. दिवसातून दोनदा करा, चारदा करा, चालते. एक मात्र लक्षात ठेवावे. ही तपासणी सिटी स्कॅनच्या किंवा नळीच्या जागी येत नाही. ती त्यांच्या जोडीला येते.

कानशिलावरून रक्ताचा वेग कसा कळतो?

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतका हा आवाज बारीक असतो. हाड या लहरी अडवते. म्हणून कवटीतून आत पाहता येणार नाही असे बराच काळ मानले जात होते. १९८२ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे रुने आस्लिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी कंपनाच्या लहरी वापरून दाखवले की कानापुढे, गालफडाच्या हाडाच्या वर, जिथे कवटीचे हाड पातळ असते तिथून मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजता येतो. या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात. डॉप्लर हे नाव ख्रिश्चन डॉप्लर या शास्त्रज्ञाचे. हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी कशा बदलतात, हे त्यांनी १८४२ मध्ये मांडले. रेल्वेच्या फाटकाजवळ राहणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे. गाडी जवळ येताना भोंगा बारीक, चढा ऐकू येतो आणि पुढे निघून गेली की तोच भोंगा उतरतो. रक्ताच्या पेशीही अशाच धावत असतात. त्यांच्यावरून परतलेल्या लहरीतील फरकावरून यंत्र वेग काढते. तपासणी चालू असताना मशीनमधून "हूश्श, हूश्श" असा आवाज येतो. तो धावणाऱ्या रक्तामुळे उमटतो. घाबरू नये.

मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत प्रौढांमध्ये रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ४० ते ८० सेंटिमीटर असतो. वाढलेल्या वेगाचा अर्थ समजायला नळाची पाईप डोळ्यांपुढे आणा. पाईपचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात आणि लांब जाते. धमनी आकसली की तसेच होते, त्या जागी वेग वाढतो. मेंदूवरची रक्तवाहिनी फुटून मेंदूभोवती रक्त पसरलेल्या पेशंटमध्ये साधारण ४ थ्या ते १४ व्या दिवसांत धमन्या आकसण्याची भीती असते. पहिला झटका निभावलेला माणूस या दिवसांत पुन्हा खालावू शकतो. म्हणून या काळात डॉक्टर वरचेवर वेग मोजतात. तो १२० च्या वर गेला तर सावध होतात, २०० च्या वर गेला तर धमनी फार आकसली असावी असे मानतात.

पण केवळ वेगावरून निकाल लावता येत नाही. ताप असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला असेल, तरी वेग वाढतो. म्हणून मेंदूतल्या धमनीचा वेग आणि मानेतल्या धमनीचा वेग यांची तुलना करतात. मेंदूतला वेग मानेतल्यापेक्षा तिपटीहून जास्त असेल तर धमनी आकसल्याचा संशय बळावतो. दोन्हीकडे सारखाच वाढला असेल तर कारण दुसरे असते. आपल्या घरांत, विशेषतः बायकांमध्ये, रक्त कमी असणे ही सर्रास गोष्ट आहे. म्हणून पूर्वीचे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट घरात असतील तर ते डॉक्टरांना जरूर दाखवावेत.

वाढलेला दाबही या तपासणीत अप्रत्यक्षपणे कळतो. चांगला प्रवाह नळासारखा असतो, ठोक्यागणिक जोर कमी-जास्त होतो पण धार तुटत नाही. आतला दाब चढला की प्रवाह हापशासारखा होतो. दांडा दाबला की पाणी येते, मध्ये जवळजवळ थांबते. पडद्यावरचा आलेख तसा उंच आणि टोकदार दिसू लागला, तर डॉक्टर सावध होऊन पुढच्या तपासण्या करतात.

डोळ्यावरून दाबाचा अंदाज

डोळ्यामागे मेंदूकडे जाणारी जाड नस असते. तिच्याभोवती एक आवरण असते. हे आवरण मेंदूभोवतीच्या आवरणाचाच पुढे आलेला भाग आहे आणि मेंदूभोवतीचे पाणी तिथपर्यंत पोचते. मेंदूतला दाब वाढला की हे आवरण फुगते. मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल लावून, डोळ्यावर दाब न देता, प्रोब अलगद टेकवून डॉक्टर बुबुळाच्या गोळ्यामागे ३ मिलीमीटरवर त्याची रुंदी मोजतात. ती ५ ते ६ मिलीमीटरच्या पुढे गेली तर दाब वाढला असावा, असा संशय येतो. नेमकी कुठे रेघ ओढायची, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. म्हणून एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. काल किती होती आणि आज किती आहे, हे जास्त महत्त्वाचे.

डोळा फुटला असेल किंवा तशी शंका असेल तर ही तपासणी करायची नसते. अपघातात डोळ्याला मार लागला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

तोंडावर सूज येऊन पापण्या उघडतच नसतील, तर उजेडाने बाहुली आकसते की नाही हेही सोनोग्राफीने बघता येते. कानशिलावरून मेंदूची मधली रेषा एका बाजूला सरकली आहे का, याचाही अंदाज घेता येतो.

लहान बाळांचे काम आणखी सोपे. त्यांची टाळू भरलेली नसते. त्या मऊ जागेवरून मेंदूचे चांगले चित्र मिळते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे नवजात शिशू विभागात याच पद्धतीने पाहतात. बाळाच्या टाळूवर प्रोब ठेवला म्हणून आईने धसका घेऊ नये.

ही तपासणी काय सांगू शकत नाही?

हे नीट वाचावे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

पेशंट शुद्धीवर कधी येईल, आपल्याला ओळखेल का, बोलेल का, हे सोनोग्राफी सांगत नाही. ती रक्ताचा प्रवाह आणि दाबाचा अंदाज सांगते. मेंदूचे काम किती चालू आहे ते डॉक्टर प्रत्यक्ष तपासून आणि इतर चाचण्यांवरून ठरवतात.

दर दहा माणसांमागे एकदोघांच्या कानशिलाचे हाड इतके जाड असते की लहरी आत जातच नाहीत. वयस्कर बायकांमध्ये हे जास्त आढळते. अशा वेळी पडद्यावर काही दिसत नाही. "काही दिसले नाही" याचा अर्थ "मेंदू गेला" असा मुळीच नाही. खिडकी बंद होती, एवढाच त्याचा अर्थ.

तपासणी करणाऱ्याचा हात सरावाचा असावा लागतो. प्रोबचा कोन थोडा चुकला तरी आकडा बदलतो.

आणि शेवटचे. केवळ सोनोग्राफीवरून कोणालाही मेंदूमृत ठरवता येत नाही. आपल्या देशात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. त्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरलेल्या तपासण्या करून, किमान ६ तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा त्याच तपासण्या करून, लेखी प्रमाणपत्र द्यावे लागते. मेंदूत रक्त पोचत नसल्याची खूण डॉप्लरमध्ये दिसू शकते, पण ती डॉक्टरांना सावध करण्यापुरती. कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे. अवयवदानाचा विषय निघालाच तर निर्णय जवळच्या नातेवाइकांचा असतो. तो समजून, विचारून, कोणाच्या दडपणाखाली न येता घ्यावा.

सिकलसेलच्या मुलांसाठी हेच यंत्र

या तपासणीचे एक काम आयसीयूच्या बाहेरचे आहे आणि आपल्या घरांशी त्याचा जवळचा संबंध आहे. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा आजार असलेल्या मुलांना लहान वयात पक्षाघात होऊ शकतो. मूल खेळता खेळता एका बाजूने लुळे पडते आणि घरचे म्हणतात, वारे लागले. ते वारे नसते. मेंदूची धमनी अरुंद झालेली असते.

१९९८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले की २ ते १६ वर्षांच्या सिकलसेलग्रस्त मुलांची कानशिलावरची डॉप्लर तपासणी केली आणि ज्यांचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक आहे त्यांना नियमित रक्त दिले, तर पहिल्या पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. म्हणजे झटका येण्याआधीच धोका ओळखता येतो. मूल आजारी नसताना, ताप नसताना, जागे असताना ही तपासणी करतात. सुई टोचत नाही, मूल आईच्या मांडीवर बसूनही करता येते. साधारण वर्षातून एकदा ती पुन्हा करतात.

आपल्याकडे ही सोय अजून सगळीकडे नाही. म्हणूनच ती मागितली पाहिजे. मुलाला सिकलसेलचा आजार, म्हणजे ज्याला 'एसएस' म्हणतात तो असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात "मेंदूची डॉप्लर तपासणी कुठे होईल?" असे स्पष्ट विचारावे. जो फक्त वाहक आहे, 'एएस' आहे, त्याला या तपासणीची गरज नसते. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. तिच्या शिबिरांत घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांना काय विचारावे?

आयसीयूच्या दारात आपली माणसे हात जोडून उभी राहतात आणि काही न विचारता परत फिरतात. विचारले तर डॉक्टर रागावतील ही भीती असते. तथागतांनी कालामांना सांगितले की कोणी मोठा माणूस म्हणतो एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः तपासून घ्या. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. घरातल्या एकाच समजूतदार व्यक्तीने रोज ठरलेल्या वेळी भेटून विचारावे आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावे :

१. ही तपासणी कशासाठी करीत आहात? दाब पाहायचा आहे, की धमनी आकसली का ते पाहायचे आहे?
२. काल काय आढळले आणि आज काय? सुधारते आहे की बिघडते आहे?
३. कानशिलाची खिडकी मिळाली का? नसेल तर दुसरा मार्ग कोणता?
४. या निकालामुळे उपचारात काय बदल होणार?
५. पुन्हा सिटी स्कॅन किंवा मेंदूच्या शल्यविशारदांचा सल्ला लागेल का?
६. इथे ही सोय नसेल तर कुठे आहे? तिथे हलवणे सुरक्षित आहे का?

एक गोष्ट माहीत असू द्यावी. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, मग ते डोक्यासाठी वापरले जात असो की पोटासाठी. त्यामुळे दवाखान्याला असे यंत्र मनाला येईल तेव्हा दुसरीकडून उचलून आणता येत नाही. तुमच्या दवाखान्यात ते नसेल तर डॉक्टर हयगय करतात असे लगेच समजू नये.

खर्चाचे काय?

आयसीयूचे बिल ऐकूनच अनेक जण पेशंटला घरी नेतात. त्याआधी दोन दारे ठोठवावीत. पहिले, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दाखल होतानाच त्याला भेटावे. दुसरे, धर्मादाय रुग्णालये. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे, उत्पन्नाचा दाखला द्यावा. ही भीक नव्हे, हा हक्क आहे.

दवाखान्यात पोचण्याआधी

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटका, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. अचानक तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते, हा पक्षाघात असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ वर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. अंगारा आणि उताऱ्यात गेलेला तास परत मिळत नाही.

आजारी भिक्खूला कोणी विचारत नव्हते तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, ही विनयातली कथा आपण विहारात ऐकतो. आजच्या काळात आजाऱ्याच्या सेवेत उशाशी बसण्याबरोबर त्याच्यावर कोणते उपचार चालू आहेत ते समजून घेणेही येते. बाबासाहेबांना धम्मात प्रज्ञा, करुणा आणि समता एकत्र सापडल्या. आयसीयूच्या दारातही तिन्ही लागतात. हे पान विहारात रविवारच्या वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावे, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि वस्तीतल्या सिकलसेलच्या मुलांची यादी करून त्यांची डॉप्लर तपासणी झाली आहे का, हे महिला मंडळाने जरूर पाहावे.

जयभीम! नमो बुद्धाय!